घाट, बंदर आणि एकेरी रूळ: महाराष्ट्राच्या रेल्वेची पुढची तीस वर्षे

कल्याण सोडले की मध्य रेल्वे दोन वाटांनी फुटते. एक वाट कसाऱ्यावरून थळ घाट चढते आणि इगतपुरी, मनमाड, भुसावळ करत दिल्ली-कोलकात्याकडे निघते. दुसरी कर्जतहून बोर घाट चढते आणि पुणे, दौंड, सोलापूर करत चेन्नईकडे वळते. बदलापूरची लोकल, नागपूरची एक्सप्रेस, खताची मालगाडी, रिकाम्या वाघिणींचा परतणारा रेक या साऱ्यांना याच दोन वाटा आहेत. महाराष्ट्रात रेल्वेची चर्चा नव्या गाड्यांची, नव्या थांब्यांची, फार तर वंदे भारतची होते. त्या गाड्यांना धावायला रुळावर जागा किती उरली आहे, आणि २०५५ साली किती लागेल, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतो. या लेखात तोच प्रश्न मांडायचा आहे.

सुरुवात घाटापासून करावी लागते. बोर घाटाचा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये खुला झाला, थळ घाटाचा १८६५ मध्ये. दोन्हींचा चढ सदतिसास एक. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेले की गाडी एक मीटर वर चढते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेच्या अभियंत्यांनी त्या काळच्या सुरुंगांनी आणि हजारो मजुरांच्या जिवावर तो साधला, आणि तो चढ आजही तोच आहे. पुढे वीज आली, तिसरी मार्गिका आली, बोर घाटातले गाडीची दिशा उलटी करायचे रिव्हर्सिंग स्टेशन गेले. पण कर्जतला आणि कसाऱ्याला गाडीच्या मागे तिला ढकलणारी बँकर इंजिने लावण्याचे सुटले नाही. उतरताना ब्रेकची खात्री करायला मंकी हिलसारख्या ठिकाणी तांत्रिक थांबा घ्यावा लागतो. बँकर जोडायला वेळ, वर पोचल्यावर सोडवायला वेळ, आणि ती रिकामी इंजिने पुन्हा खाली आणायची तर त्यांनाही रूळ लागतोच. वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते, ही मोठी सोय झाली. मालगाडीला मात्र ती सवलत नाही.

रेल्वेची क्षमता किलोमीटरमध्ये मोजून कळत नाही, ती मिनिटांत मोजावी लागते. एकेरी मार्गासाठी रेल्वेत वर्षानुवर्षे वापरले जाणारे स्कॉटचे सूत्र सोपे आहे. समोरासमोरच्या गाड्या जिथे एकमेकींना वाट देतात, अशा दोन क्रॉसिंग स्थानकांमधले सगळ्यात लांबचे अंतर तोडायला सगळ्यात संथ गाडीला किती मिनिटे लागतात, ती घ्यायची. त्यात ब्लॉक, म्हणजे पुढचा टप्पा मोकळा असल्याची परवानगी, घेण्या-देण्याची मिनिटे मिळवायची. दिवसाच्या १४४० मिनिटांना त्या बेरजेने भागायचे आणि आलेल्या उत्तराचे सत्तर टक्के धरायचे. समजा, संथ मालगाडीला वीस मिनिटे लागतात आणि ब्लॉकची पाच. मग दिवसाला सुमारे ४० गाड्या. आता त्याच टप्प्याच्या मध्यावर एक लूप (बाजूचा रूळ) टाकून क्रॉसिंग स्थानक केले, वीसची दहा मिनिटे झाली, तर आकडा ६७ वर जातो. एवढी ताकद एका लूपमध्ये असते. पण शेजारचा टप्पा तसाच लांब राहिला, तर हा फायदा कागदावरच राहतो, कारण सगळ्या मार्गाची क्षमता त्याच्या सर्वांत अरुंद टप्प्याने ठरते. दुहेरी मार्गावर हिशेब वेगळा असतो, तरी तत्त्व तेच. त्यात वेगवेगळ्या वेगाच्या गाड्या एकाच रुळावर आल्या की आणखी मिनिटे वाया जातात. वेगवान गाडीला वाट द्यायची तर पुढच्या मालगाडीला आधीच लूपमध्ये उभे करावे लागते, आणि एका गाडीच्या नावावर दोन-तीन गाड्यांची जागा खर्ची पडते.

म्हणून प्रवासी आणि माल यांचे नियोजन वेगळे करता येत नाही. आपल्याकडे नेमके तेच होत आले. उपनगरी प्रकल्प एका यंत्रणेचे, मालवाहू मार्गिका दुसरीची, बुलेट ट्रेन तिसरीची, राज्याचे प्रकल्प चौथीचे. प्रत्येकीचा नकाशा आपल्या जागी बरोबर असतो. सगळे नकाशे एकावर एक ठेवून पाहणारा कुणी नसतो.

मुंबईचे उदाहरण घ्या. मुंबई रेल्वे विकास महामंडळ १९९९ मध्ये स्थापन झाले आणि मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचे (एमयूटीपी) टप्पे सुरू झाले. त्यातून नव्या गाड्या आल्या, लोकल बारा डब्यांच्या झाल्या, काही ठिकाणी पंधरा डब्यांच्या. कामे खरी आणि मोलाची. पण ठाणे ते दिवा ही जेमतेम नऊ किलोमीटरची पाचवी-सहावी मार्गिका पाहा. मंजुरी २००८ची, लोकार्पण फेब्रुवारी २०२२मध्ये. नऊ किलोमीटरला चौदा वर्षे. खाडी, झोपड्या, पुनर्वसन, चालत्या वाहतुकीत मिळणारे तोकडे मेगाब्लॉक, ही कारणे खरी आहेत. पण त्या चौदा वर्षांत कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली थांबले नाहीत. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून प्रवासी रुळावर पडून दगावले, तेव्हा सगळीकडे आपोआप बंद होणाऱ्या दारांची चर्चा झाली. दारे हवीतच. पण माणसे दारात का लटकतात याचे उत्तर दारापेक्षा मोठे आहे: ज्या वर्षी मार्गिका हवी होती त्या वर्षी ती नव्हती.

कल्याणच्या पुढे तर अजून कठीण. अंबरनाथ आणि बदलापूर वर्षागणिक फुगत गेले, आणि त्यांच्यासाठी रूळ दोनच राहिले. त्याच दोन रुळांवर पुण्याकडच्या एक्सप्रेस आणि मालगाड्याही. बदलापूरपर्यंतची तिसरी-चौथी मार्गिका, कल्याण-कसारा तिसरी मार्गिका, कल्याण यार्डाची फेररचना ही कामे आता हातात आहेत. ती पुरी होतील तोवर बदलापूरच्या पलीकडे, वांगणी-नेरळपर्यंत, इमारती उभ्या राहिलेल्या असतील. घरांना परवानगी देणारे कार्यालय आणि रूळ टाकणारे कार्यालय यांच्यात एका ओळीचा पत्रव्यवहार सक्तीचा असता, तरी हे चित्र बदलले असते.

हे अशक्य नाही, हे महाराष्ट्राने एकदा करून दाखवले आहे. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि नवी मुंबईच्या आराखड्यातच रेल्वेसाठी पट्टा राखून ठेवला गेला. मानखुर्द-वाशी मार्ग १९९२ मध्ये खाडी ओलांडून गेला. खर्चाचे ६७ टक्के सिडकोने उचलले, ३३ टक्के रेल्वेने. वाशी, बेलापूर, खारघर ही स्थानके शहराच्या मधोमध आहेत, रुंद आहेत, कारण तिथे जागा आधी होती आणि वस्ती मागून आली. नेरूळ-उरणला मात्र तीच तत्परता टिकली नाही. पहिला टप्पा २०१८ मध्ये, उरणपर्यंतची गाडी जानेवारी २०२४ मध्ये. तरीही तिथे रूळ टाकायला घरे पाडावी लागली नाहीत, कारण पट्टा मोकळा होता. उशीर परवडतो, जागा गेली तर ती परत मिळत नाही.

आता बंदराकडे. न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ पासून चालते आणि २०२४-२५ मध्ये त्याने वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने ७३ लाखांची उलाढाल केली. यातला मोठा भाग ट्रेलरवर लादून रस्त्याने जातो. उरण-पनवेलच्या रस्त्यांवर राहणाऱ्यांना हे आकड्यांशिवाय माहीत आहे. रेल्वेने जाणारा माल पनवेल-दिवा-वसई मार्गाने गुजरातकडे निघतो. त्याच मार्गावर दिवा-वसईच्या प्रवाशांच्या मोजक्या गाड्या आहेत आणि त्या वाढवायची मागणी जुनी आहे. वाढणार कशा? या मार्गावर माल आणि प्रवासी एकमेकांच्या वाटेत उभे आहेत.

यावरचा उपाय म्हणजे पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गिका: बंदरापासून उत्तर प्रदेशातल्या दादरीपर्यंत सुमारे १५०० किलोमीटर, त्यावर फक्त मालगाड्या, खालून कंटेनरचे दोन थर जातील एवढ्या उंचीची वीजतार. ती का लागली? देशातल्या चार महानगरांना जोडणारे चौकोनी मार्ग आणि त्यांचे दोन कर्ण मिळून रेल्वेच्या एकूण मार्गलांबीचा जेमतेम १६ टक्के भाग. त्यावर निम्म्याहून अधिक प्रवासी आणि माल धावत होता. ही कोंडी ओळखून २००६ मध्ये स्वतंत्र महामंडळ काढले गेले, हे अलीकडच्या काळातले सर्वांत दूरदर्शी पाऊल मी मानतो. राजस्थान-हरियाणात दुमजली कंटेनरच्या दीड किलोमीटर लांब गाड्या २०२१ मध्येच धावू लागल्या. सगळ्यात मागे राहिला तो वैतरणा ते बंदर हा सुमारे शंभर किलोमीटरचा महाराष्ट्रातला तुकडा. पालघर, ठाणे, रायगड इथे जमीन मिळणे कठीण, आणि बाधितांच्या हक्काचा प्रश्न खरा. पण ज्या बंदरासाठी मार्गिका, तिथेच ती शेवटी पोचते, तेव्हा सगळ्या मार्गाचा पूर्ण उपयोग तितकी वर्षे पुढे ढकलला जातो.

आणि पुढचे बंदर दाराशी आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी, क्षमता वर्षाला २ कोटी ३२ लाख कंटेनर, म्हणजे आजच्या न्हावा-शेव्याच्या उलाढालीच्या तिप्पट. तिथल्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि तो ऐकून घेतलाच पाहिजे. बंदर उभे राहणार असेल, तर त्याच्या कंटेनरना रूळ आणि विरार-डहाणूच्या लोकल प्रवाशांना रूळ, असा हिशेब आज एकाच कागदावर मांडायला हवा. विरार-डहाणू चौपदरीकरण सुरू आहे. ते आजच्या गर्दीसाठी आहे. बंदराभोवती वसणारी वस्ती त्या हिशेबात असायला हवी.

कोकण रेल्वेची गोष्ट वेगळी आणि मनाला जास्त लागणारी. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्या चिकाटीने १९९० मध्ये महामंडळ झाले, ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम झाले आणि जानेवारी १९९८ मध्ये रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला झाला. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवलचा उंच पूल, हे अभियंत्यांचे पराक्रम आहेत. पैसा कमी होता, म्हणून मार्ग एकेरी केला गेला. त्या वेळी दुसरा पर्याय नव्हता हे मान्य. पण बोगदा एकेरी खणला की दुसऱ्या रुळासाठी दुसरा बोगदा खणावा लागतो. सपाटीवरच्या मार्गासारखा शेजारी भराव टाकून भागत नाही. रोहा-वीर हा ४६ किलोमीटरचा सोपा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. पुढे डोंगर आहेत. मधल्या काळात कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे अशी नवी क्रॉसिंग स्थानके बांधली गेली, आणि वर सांगितलेल्या सूत्राप्रमाणे त्यांचा फायदा झाला. तरी पावसाळ्यात वेग उतरतो, वेळापत्रक बदलते. गणपतीत शेकडो जादा फेऱ्या सोडल्या की नियमित गाड्या तासन्‌तास क्रॉसिंगला उभ्या राहतात. चाकरमान्याचा संताप त्या गाडीवर निघतो. त्याचे मूळ रुळात आहे. महामंडळाचे भारतीय रेल्वेत विलीनीकरण करायला महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिली. त्यातून दुहेरीकरणाला पैसा मिळणार असेल तर स्वागतच आहे, पण तो किती आणि कोणत्या टप्प्याला, हे विलीनीकरणाच्या कागदात लिहून घ्यायला हवे.

गोव्याकडून एक धडा घेण्याजोगा आहे. कॅसलरॉक-कुळे घाटातल्या दुहेरीकरणाला गोव्यातून मोठा विरोध झाला. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, आणि वास्कोहून वर जाणारा कोळसा, ही त्यामागची कारणे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वन्यजीव मंडळाची त्या कामाची परवानगी रद्द ठरवली. मालाची क्षमता कुणासाठी आणि कोणत्या मालासाठी, हे लोकांना आधी सांगितले नाही, तर रूळ कोर्टात अडकतो. सह्याद्रीत नवा घाटमार्ग करायचा असेल तर हे ध्यानात ठेवावेच लागेल.

घाटावर मात्र गेल्या दोन-तीन वर्षांत वेग आला आहे. जळगाव-मनमाड चौथी मार्गिका आणि भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी २०२४ मध्ये, वर्धा-भुसावळ तिसरी-चौथी २०२५ मध्ये मंजूर झाली. मनमाड-इंदूर हा ३०९ किलोमीटरचा नवा मार्गही २०२४चाच. विदर्भाचा कोळसा, खानदेशाची केळी, नाशिकचा कांदा यांना याचा उपयोग होईल. पण भुसावळहून चार रुळांनी आलेली वाहतूक शेवटी घाटाच्या तोंडाशी येऊन थबकणार असेल, तर चार रुळांचे काय? शंभरास एक इतक्या सौम्य चढाचा, लांब बोगद्यांचा नवा मार्ग झाला, तर बँकर लागणार नाहीत आणि मालगाडी न थांबता उतरेल. दीडशे वर्षांनंतर हे काम अग्रक्रमाचे मानायला हवे. माझ्या मते महाराष्ट्रातल्या कोणत्याही रेल्वे खर्चाहून ते जास्त फळ देईल.

मराठवाड्याची व्यथा थोडक्यात. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. बीडला गाडी सप्टेंबर २०२५ मध्ये पोचली. एक पिढी वाट पाहत म्हातारी झाली. मराठवाड्याबाहेरही नियोजनाची गत वेगळी नाही: पुणे-नाशिक थेट मार्ग नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे जुन्या आखणीवरून हलवावा लागला. दुर्बीण तिथे अनेक दशके आहे. आखणी करतानाच ती नकाशावर दिसायला हवी होती.

स्वित्झर्लंडने वेगळी रीत धरली. १९८७ मध्ये लोकांनी ‘रेल्वे २०००’ या आराखड्याला मतदानाने संमती दिली. त्यांनी आधी वेळापत्रक ठरवले: मोठ्या स्थानकांवर गाड्या ठरावीक वेळी एकत्र याव्यात, म्हणजे प्रवाशाला बदलायला सोपे. मग ते वेळापत्रक पाळायला कुठे किती मिनिटे कमी पडतात ते शोधले आणि तिथेच रूळ बांधले. बर्न-झुरिच प्रवास तासाच्या आत बसावा म्हणून सुमारे ४५ किलोमीटरचा नवा मार्ग केला. डिसेंबर २००४ मध्ये नवे वेळापत्रक लागू झाले. देश लहान, पैसा मुबलक, तुलना सरळ होत नाही. पण आधी वेळापत्रक, मग रूळ, ही रीत घ्यायला पैसा लागत नाही.

आपल्याकडे असा विचार अजिबात नाही असे नव्हे. राष्ट्रीय रेल्वे आराखड्याचा मसुदा डिसेंबर २०२० मध्ये आला. मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा सुमारे २७ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर न्यायचा, आणि २०५० पर्यंतच्या मागणीला पुरेल एवढी क्षमता २०३० पर्यंत उभी करायची, असे त्याचे उद्दिष्ट. मागणीच्या आधी क्षमता, हे शब्द सरकारी कागदावर आले हे मोठे आहे. रेल्वेच्या उत्पन्नाचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा माल देतो आणि प्रवाशाचे स्वस्त तिकीट त्याच्या आधाराने उभे आहे. म्हणून मालाची जागा वाढणे प्रवाशाच्याही फायद्याचे. उणीव राज्यपातळीवर आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा असा, घाट, बंदरे, उपनगरे आणि कोकण एकत्र पाहणारा, दर पाच वर्षांनी दुरुस्त होणारा आणि लोकांसमोर ठेवला जाणारा आराखडा हवा. त्यात ठरलेल्या पट्ट्यांवर आजच आरक्षण पडावे, मोबदला आजच्या भावाने आणि वेळेत मिळावा, आणि महानगर प्राधिकरणाने त्या पट्ट्यावर एकही बांधकाम परवानगी देऊ नये.

वाचकांना विनंती एवढीच: निवडणुकीत उमेदवार दारी येतील, गावाच्या थांब्याचे, नव्या एक्सप्रेसचे आश्वासन देतील. त्यांना विचारा, आमच्या सेक्शनमध्ये आज रोज किती गाड्या धावतात, क्षमता किती आहे, तिसरी मार्गिका कोणत्या साली, आणि तिच्यासाठी जागा राखली आहे का. उत्तर लेखी मागा.