चाळीस टक्क्यांच्या अलीकडचे हक्क

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘किती टक्के?’ काही घरांत हा प्रश्न सातआठ वर्षे आधीच येतो आणि तो गुणांविषयी नसतो. मूल तिसरीत आहे, तोंडी उत्तरे बरोबर देते. पण वाचताना ओळ सुटते, फळ्यावरचे वहीत उतरत नाही. आईवडील शाळेत मदत मागायला जातात आणि ऐकून येतात, ‘आधी चाळीस टक्क्यांचा दाखला आणा, मग बघू.’

मी वकील नाही, शिक्षकही नाही. अशा पालकांसोबत बसून कायदे आणि निकालपत्रे वाचत गेलो, तेवढीच माझी तयारी. त्या वाचनातून एक गोष्ट स्पष्ट झाली. चाळीस टक्क्यांची अट कायद्यात आहे, पण ती सगळीकडे नाही. ती कुठे नाही हे पालकांना ठाऊक नसल्यामुळे मुलाची मोलाची वर्षे दाखल्याच्या वाटेवर खर्ची पडतात.

१९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकारांची संख्या एकवीस झाली. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता त्यांत आल्या. याच कायद्याने दोन पायऱ्या केल्या : दिव्यांग व्यक्ती आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक, म्हणजे ‘लक्षणीय’ दिव्यांगत्व असलेली व्यक्ती.

दुसऱ्या पायरीवरचे हक्क असे : कलम ३१ प्रमाणे सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण, अठरापर्यंत मोफत पुस्तके व साधने, पुढे उच्च शिक्षणात पाच टक्के आरक्षण. यांसाठी टक्केवारी लागते.

कलम १६ मात्र पहिल्या पायरीवरचे आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी कराव्यात, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात बदल करावा, असे ते सांगते. त्यात चाळीसचा आकडा नाही. शिवाय ओळखण्याची जबाबदारी तिथे शाळेकडे दिली आहे. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख कलम १७ मध्ये आहे आणि तिथेही ही अट नाही.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये, विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात, हाच फरक मान्य केला. लिहिताना अडचण येणाऱ्या उमेदवाराला लक्षणीय दिव्यांगत्व नाही एवढ्या कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही, असा तो निकाल आहे. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने अशा परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

मग पालकांनी सुरुवात कुठून करावी? लेखी अर्जापासून. तोंडी विनंतीला तारीख नसते. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, साध्या मराठीत लिहावा. रोगाचे नाव लिहायची गरज नाही. मुलाला नेमके काय जमत नाही आणि काय चांगले जमते ते लिहावे. मागणीही नेमकी असावी : पुढच्या बाकावर जागा, उत्तरे तोंडी घेणे, लिहायला जादा वेळ, गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकाकडून तपासणी. कलम १६ चा उल्लेख करावा. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी आणि आपल्या प्रतीवर तारीख, शिक्का, आवक क्रमांक घ्यावा.

दाखल्याचे काम याच्या जोडीने चालू द्यावे, कारण मंडळाच्या परीक्षेतील सवलतींसाठी तो मागितला जातो. अर्ज केंद्राच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर करायचा, तपासणी नेमून दिलेल्या रुग्णालयात होते. अध्ययन अक्षमतेसाठी २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांत आठ वर्षे पूर्ण झाल्यावर दाखला देण्याची तरतूद होती. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी त्यांत सांगितली होती. निर्णय पटला नाही तर कलम ५९ खाली अपील करता येते. शाळा आणि शिक्षण खाते दोन्हीकडून उत्तर आले नाही, तर दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तिथे पहिला कागद उपयोगी पडतो तो शाळेचा शिक्का असलेला आपला अर्ज.

एवढे करून शाळा म्हणेल, ‘विशेष शिक्षकच नाहीत.’ ते बऱ्याच ठिकाणी खरेही आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले आहे. हे प्रमाण मोजायचे तर आधी मुले मोजली गेली पाहिजेत. ज्या मुलाची शाळेत नोंदच नाही, ते या हिशेबात येत नाही. त्यामुळे तिसरीतल्या एका मुलासाठी दिलेला अर्ज त्याच शाळेत पुढे येणाऱ्या मुलांच्याही कामी येतो.