चालता चालता उलटी गणती

साताऱ्यात चार भिंतींकडे जाणारा चढ असो वा सांगलीच्या आमराईतील सपाट वाट, सकाळी ज्येष्ठ मंडळी गप्पा मारत फिरताना दिसतात. त्यांतील एखादे आजोबा प्रत्येक उत्तरासाठी थबकू लागले, तर सोबत्यांना त्यात वावगे वाटत नाही. वैद्यकशास्त्राने मात्र या थबकण्याची दखल घेतली आहे.

चालताना तोल, दिशा आणि वेग सांभाळण्यासाठी मेंदूचे अवधान खर्ची पडते. त्याच वेळी दुसरे बौद्धिक काम दिल्यास मेंदूची राखीव क्षमता किती उरली आहे, याचा अंदाज येतो. म्हणून व्यक्तीला आधी नेहमीच्या गतीने चालवतात; मग शंभरापासून उलटे आकडे मोजत किंवा प्राण्यांची नावे घेत चालवतात. सेकंदाला एक मीटरचा वेग पाऊण मीटरवर आला, तर घट 25 टक्के.

स्वीडनमध्ये 1997 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 58 वृद्धांपैकी 12 जण बोलताना थांबले. त्यांतील 10 जण पुढील सहा महिन्यांत पडले. कॅनडात 2017 साली सौम्य बौद्धिक ऱ्हास असलेल्या 112 वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उलटे आकडे मोजताना ज्यांचा वेग 20 टक्क्यांहून अधिक घटला, त्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका सुमारे पावणेचार पट आढळला.

तरीही ही चाचणी म्हणजे निदान नव्हे. कॅनडातील अभ्यासात प्रत्यक्ष स्मृतिभ्रंश झालेले रुग्ण अवघे 27 होते. शिवाय गुडघेदुखी, मोतीबिंदू, ऐकू कमी येणे किंवा पडण्याची धास्ती यांनीही वेग घटतो. चढावरील वेगाची सपाटीवरील वेगाशी तुलना निरर्थक ठरते. भाषेचाही प्रश्न आहेच. शंभरातून सात-सात वजा करताना मराठी माणसाला त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी म्हणावे लागते. यात एकक आधी येतो आणि ‘एकोणऐंशी’त तर ऐंशीतून एक वजा होतो. शाळेची पायरी न चढलेल्या आजींना हे हिशेब बसून करणेही जड जाईल. गुराढोरांची नावे मात्र त्या भराभर सांगतील. म्हणूनच परदेशातील निकष जसेच्या तसे लावणे धोक्याचे ठरते.

चुकीच्या निष्कर्षाची किंमत मोठी असते. एका चाचणीवरून ‘विसराळू’ ठरवून घरच्यांनी ज्येष्ठांच्या हातून पैशांचे व्यवहार काढून घेणे हा अन्याय होय. उलट, ‘वयच झाले’ म्हणून दुर्लक्ष केल्यास ब जीवनसत्त्व 12 ची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार यांसारखी उपचारसाध्य कारणे निसटतात.

त्यामुळे एकाच व्यक्तीची, त्याच जागी, तेच काम देऊन काही महिन्यांच्या अंतराने घेतलेली नोंद अधिक बोलकी ठरते. वाहत्या रस्त्यावर वा एकट्याने हा प्रयोग करू नये. बदल जाणवल्यास स्मरणशक्तीची तपासणी आणि रक्तचाचण्या डॉक्टरांकडून करून घ्याव्यात. चालण्यातून मिळतो तो इशारा. निदान तपासणीनंतरच होते.