पिल्लू लंगडले तर जबाबदार कोण?

खुब्याच्या आनुवंशिक विकाराने घरातल्या पिल्लाचे आयुष्य अधू होते, तेव्हा श्वान पैदासकाराकडून काय मागता येते, याचा हा आढावा.

खास प्रतिनिधी
कर्जत

शनिवार उजाडला की मुंबई-पुण्याच्या गाड्या चौक, खोपोली, नेरळ, कशेळ्याच्या रस्त्यांना लागतात. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत गेल्या काही दशकांत फार्महाऊसची दाटी झाली आणि त्यांच्यासोबत राखणीच्या कुत्र्यांची गरजही वाढली. मोकळी जागा, मुबलक पाणी आणि महानगरांची जवळीक यामुळे श्वानांच्या पैदाशीलाही हा परिसर सोयीचा ठरतो. कुणी राखणीसाठी जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलर शोधतो, तर कुणी मुलांच्या हट्टापायी लॅब्रेडॉरचे पिल्लू घेऊन शहराकडे परततो.

पुढचा क्रम अनेक श्वानपालकांच्या ओळखीचा आहे. दोन महिन्यांचे गुबगुबीत पिल्लू घरी येते, घर त्याच्या मागे धावू लागते. सहा-सात महिन्यांचे झाले की ते उठताना कुरकुरते, जिना चढायला नकार देते, धावताना सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकते. पशुवैद्यक क्ष-किरण चित्र काढतात आणि ‘हिप डिसप्लेजिया’ हे नाव घरात प्रथमच उच्चारले जाते. पैदासकाराला दूरध्वनी केला की उत्तर येते, ‘आम्ही दिले तेव्हा पिल्लू ठणठणीत होते.’ हे उत्तर खोटे नसते. पण ते पुरेसे आहे का, हा खरा प्रश्न आहे.

विकार नेमका काय?

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातील खोबणीत घट्ट बसावे लागते. हिप डिसप्लेजियात ही खोबण उथळ राहते, सांधा सैल पडतो, हाडे एकमेकांवर घासतात आणि कालांतराने संधिवात जडतो. अमेरिकेतील पशुवैद्यक गेरी श्नेल यांनी १९३५ मध्ये कुत्र्यांमधील या विकाराचे वर्णन केले. जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर अशा मोठ्या अंगाच्या जातींत तो विशेष आढळतो. संमिश्र रक्ताच्या कुत्र्यांना तो होतच नाही असे नाही.

हा विकार एकाच दोषी जनुकामुळे होत नाही. अनेक जनुकांचा वारसा आणि वाढीच्या काळातील परिस्थिती या दोहोंच्या मिलाफातून तो उद्भवतो. त्यामुळे निर्दोष सांध्यांच्या आई-वडिलांच्या पोटीही एखादे सदोष पिल्लू जन्मू शकते. मात्र सदोष आई-वडिलांच्या पिल्लांत ही शक्यता स्पष्टपणे वाढते. पैदासकाराची जबाबदारी याच फरकावर उभी आहे. निसर्गाची हमी त्याच्याकडून कुणी मागू शकत नाही, परंतु ज्ञात धोका टाळण्याची अपेक्षा नक्कीच ठेवता येते.

दोन महिन्यांच्या पिल्लाचे नेहमीचे क्ष-किरण चित्र भविष्याविषयी फारसे सांगू शकत नाही. अमेरिकेत १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स’ ही संस्था कुत्रा २४ महिन्यांचा झाल्याशिवाय खुब्याचे अंतिम प्रमाणपत्र देत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात विकसित झालेल्या ‘पेनहिप’ पद्धतीने सांध्याचा सैलपणा १६ आठवड्यांपासून मोजता येतो. म्हणजे खरेदीच्या दिवशी ग्राहकाने पिल्लाचे पाय तपासून उपयोग नाही. त्याने मागायचा कागद असतो तो पिल्लाच्या आईचा आणि वडिलांचा.

पालकाचाही वाटा

सगळा दोष पैदासकाराच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांवर जन्मभर केलेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात निम्म्या कुत्र्यांना त्यांच्या जोडीदारांपेक्षा २५ टक्के कमी आहार देण्यात आला. त्यांच्यात खुब्याच्या विकाराचे व संधिवाताचे प्रमाण कमी आढळले आणि त्यांचे मध्यम आयुर्मान ११.२ वर्षांवरून १३ वर्षांवर गेले. नॉर्वेतील २०१२ च्या अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांना धोका अधिक, तर मऊ जमिनीवर मोकळे हुंदडणाऱ्या पिल्लांना कमी असल्याचे दिसले. गुळगुळीत फरशी, इमारतीचे जिने आणि ‘खातंय तर खाऊ दे’ ही माया, या तिन्ही गोष्टी शहरी घरांत सर्रास असतात. वाद उद्भवल्यास पैदासकार नेमके याकडेच बोट दाखवतो. म्हणून पिल्लाच्या वजनाची नोंद आणि आहाराविषयीचा वैद्यकीय सल्ला पहिल्या दिवसापासून जपून ठेवणे हिताचे.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने २०१७ मध्ये श्वान पैदास व विपणनाचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. मादी किमान १८ महिन्यांची, पशुवैद्यकाने निरोगी ठरवलेली असावी, आठ वर्षांनंतर तिच्यापासून पैदास करू नये, वर्षातून एकापेक्षा अधिक आणि आयुष्यात पाचपेक्षा अधिक वेळा तिला विण्यास भाग पाडू नये, आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू विकू नये, अशी बंधने त्यात आहेत. जवळच्या रक्तसंबंधातील पैदाशीलाही मनाई आहे. परंतु हे नियम ज्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येतात, त्यात नियमभंगासाठी १०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद एवढीच तरतूद आहे. शिवाय या शिक्षेने ग्राहकाच्या हाती काही पडत नाही.

भरपाईचा मार्ग जातो तो ग्राहक कायद्यातून. प्राणी हा सजीव असला, तरी विक्रीच्या कायद्याच्या दृष्टीने तो जंगम मालमत्ता, म्हणजेच ‘माल’ आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १६ नुसार खरेदीदाराने आपला हेतू सांगून, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून त्याच्या नेहमीच्या व्यवसायातील माल घेतला असेल, तर तो माल त्या हेतूस योग्य असावा ही अट गृहीत धरली जाते. ‘राखणीसाठी कुत्रा हवा’ हे एक वाक्य त्यामुळे महत्त्वाचे ठरते. ते तोंडी न राहता संदेशात किंवा पावतीवर आले, तर अधिक चांगले.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पावती न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष मालाबाबतची तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. पूर्वी खालापूरच्या पैदासकाराविरुद्ध तक्रार करायची, तर मुंबईकराला सामान्यतः अलिबागच्या रायगड जिल्हा मंचाची पायरी चढावी लागे. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगाकडेही दाद मागता येते. त्याआधी सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला असा की, कुत्रा पुढे पैदाशीसाठी वा विक्रीसाठी घेतला असेल, तर खरेदीदार ‘ग्राहक’ ठरत नाही. रिसॉर्टच्या राखणीसाठी घेतलेल्या कुत्र्याबाबतही व्यापारी हेतूचा आक्षेप येऊ शकतो. दुसरा पुराव्याचा. दोष मुळातला होता, हे तक्रारदारालाच दाखवावे लागते. त्यासाठी मायक्रोचिप क्रमांक नोंदवलेले क्ष-किरण चित्र आणि तज्ज्ञाचे लेखी मत हवे. १८८६ मध्ये सुरू झालेल्या परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या शिक्षणसंस्थेतील तज्ज्ञाच्या मताला साहजिकच वजन असते.

पाश्चात्त्य देशांतील काही ठिकाणी हा प्रश्न अधिक थेट सोडवलेला आहे. कॅलिफोर्नियात पैदासकाराने विकलेल्या पिल्लात वर्षभराच्या आत गंभीर आनुवंशिक दोष आढळल्यास पिल्लू परत करून पैसे घेणे, दुसरे पिल्लू घेणे किंवा पिल्लू ठेवून उपचारखर्च मिळवणे असे पर्याय ग्राहकाला आहेत. न्यूयॉर्कमध्ये अशा दोषासाठी मुदत १८० दिवसांची आहे. आपल्याकडे अशी स्वतंत्र तरतूद नसल्याने लेखी करार हाच ग्राहकाचा आधार.

करारात काय असावे?

‘केनेल क्लब ऑफ इंडिया’चे प्रमाणपत्र वंशावळ सांगते, सांध्यांचे आरोग्य नव्हे. ‘कागदवाले पिल्लू’ म्हणजे निरोगी पिल्लू, हा समज आधी दूर व्हायला हवा. पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी मागाव्यात : पैदासकाराचा नोंदणी क्रमांक, आई-वडिलांच्या खुब्याचे व कोपराचे तपासणी अहवाल, पिल्लाचा मायक्रोचिप क्रमांक, रीतसर पावती, आणि किमान दोन वर्षांत आनुवंशिक सांधेदोष निघाल्यास पैदासकार काय करील, याचा स्पष्ट उल्लेख. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरावा. ती दाखवण्यास टाळाटाळ झाली, तर गाडी परत वळवणे शहाणपणाचे.

‘पिल्लू परत आणा, दुसरे देतो,’ हे पैदासकाराचे उत्तर कराराच्या चौकटीत बसते, पण घराच्या चौकटीत बसत नाही. पाच महिने लेकराच्या पायाशी झोपलेले पिल्लू परत पाठवायला कुणाचे मन होत नाही, आणि परत गेलेल्या अधू पिल्लाचे पुढे काय होते, हा विचार झोप उडवतो. म्हणून पिल्लू घरीच ठेवून किमतीपर्यंतचा उपचारखर्च पैदासकाराने उचलावा, असा पर्याय करारात असणे दोघांच्याही दृष्टीने न्याय्य.

जबाबदार पैदासकाराची ओळख पैसे परत करण्यावरच संपत नाही. तक्रार आली की त्याच वेतातील इतर पिल्लांच्या मालकांना तो कळवतो, आई-वडिलांची पुन्हा तपासणी करतो आणि दोष सिद्ध झाला तर ती जोडी पैदाशीतून बाद करतो. हे न करणारा पुढच्या वर्षी तोच दोष आणखी सात-आठ घरांत पोहोचवतो. म्हणूनच लंगडणाऱ्या पिल्लाच्या मालकाने नशिबाला बोल लावून गप्प न बसता पैदासकाराला लेखी कळवले पाहिजे. त्याच्या पिल्लाचा सांधा त्यामुळे पूर्ववत होणार नाही, परंतु पुढच्या वेतातील पिल्लांचे दुखणे टळू शकते.