मशीनपर्यंत पोचणारं मॅन्युअल

भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कुठल्याही कारखान्यात जा, क्वालिटी विभागाच्या कपाटात ‘क्वालिटी मॅन्युअल’ लिहिलेली जाड फाईल सापडेल. बऱ्याच ठिकाणी ती ऑडिट तोंडावर आलं की मगच बाहेर निघते. मला हे फार खटकतं. कारण मुळात ही फाईल काम करणाऱ्यांसाठी आहे.

तिचा उगम लष्करी खरेदीत आहे. आलेला माल तपासून खराब नग बाजूला काढण्यापेक्षा पुरवठादार काम कसं करतो तेच लेखी मागावं, या विचारातून १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याचं एमआयएल-क्यू-९८५८ हे मानक आलं. १९७९ मध्ये ब्रिटनने बीएस ५७५० काढलं आणि त्याच्याच पायावर १९८७ मध्ये आयएसओ ९००० मालिका उभी राहिली. १९९४ च्या आवृत्तीत वीस कलमं होती. तेव्हा सल्लागारांनी तयार केलेली कितीतरी मॅन्युअल्स म्हणजे तीच वीस कलमं, फक्त कंपनीचं नाव घालून उतरवलेली. अशा कागदावरून त्या कारखान्यात बेअरिंग बनतं की बिस्कीट, हेसुद्धा कळत नसे.

२००० साली मागणी आटोपशीर झाली. मॅन्युअलमध्ये तीन गोष्टी हव्यात: व्यवस्थेची व्याप्ती, कार्यपद्धती किंवा त्यांचे संदर्भ, आणि कोणती प्रक्रिया कोणत्या प्रक्रियेला कशी जोडलेली आहे त्याचं वर्णन. माझ्या मते खरा कस या तिसऱ्या गोष्टीत लागतो. ग्राहकाने ड्रॉइंग बदललं, तर ती बातमी मार्केटिंगकडून डिझाइनला, तिथून टूलरूमला आणि शेवटी मशीनवरच्या माणसाला कोण देणार? हे कागदावर मांडायला बसलं, की मधली तुटलेली कडी लगेच नजरेत भरते.

एक पान जवळून पाहू. वरच्या चौकटीत डॉक्युमेंट नंबर, रिव्हिजन नंबर, तारीख, कुणी लिहिलं, कुणी मंजूर केलं. चौकट क्षुल्लक वाटते, पण सगळा भार तिच्यावर असतो. समजा, एका बोअरचा टॉलरन्स कमी झाला. कार्यालयात नवं रिव्हिजन लागलं, पण सीएनसीशेजारी जुनाच कागद चिकटलेला राहिला. ऑपरेटर जुन्याच मापाने जॉब पास करत राहील, आणि त्यात त्याची काहीही चूक नसेल. म्हणून वाटलेल्या प्रत्येक कंट्रोल्ड कॉपीची नोंद ठेवतात, नवी देताना जुनी परत घेतात आणि संदर्भाला ठेवलेल्या जुन्या प्रतीवर ‘ऑब्सोलीट’चा शिक्का मारतात.

२०१५ च्या आयएसओ ९००१ ने मॅन्युअलची सक्तीच काढली. फाईल असो, संगणक असो की भिंतीवरचा तक्ता, माहिती नोंदलेली आणि ताब्यात हवी, एवढंच त्याचं म्हणणं. वाहन उद्योगाने मात्र मॅन्युअल सोडलं नाही. २०१६ च्या आयएटीएफ १६९४९ या त्याच्या मानकात ते आजही लागतं. बाहेरून करून घेतलेल्या कामांवर नियंत्रण कसं ठेवता आणि ग्राहकाच्या खास अटी व्यवस्थेत नेमक्या कुठे बसवल्यात, हेही त्यात दाखवावं लागतं. हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग बाहेर पाठवणाऱ्या आपल्या छोट्या कारखान्यांना ही अट जाचक वाटते. मला ती योग्य वाटते, कारण जॉब दाराबाहेर गेला म्हणून त्याची जबाबदारी बाहेर जात नाही.

२०१५ च्या त्याच मानकाच्या ७.५.२ या कलमाकडे आपल्याकडे फारसं कुणी पाहत नाही. कागदाचं स्वरूप योग्य हवं असं सांगताना त्यात उदाहरण म्हणून भाषेचा आणि चित्रांचा उल्लेख आहे. इंग्रजीची सक्ती कुठेच नाही. तरीही मराठी-हिंदी बोलणाऱ्या कामगारांसमोर इंग्रजी वर्क इन्स्ट्रक्शन टांगलेल्या दिसतात. ‘दर पाचव्या जॉबला प्लग गेज लावा, नो-गो बाजू आत गेली तर मशीन थांबवा, मागचे पाचही जॉब लाल ट्रेमध्ये ठेवा, सुपरवायझरला बोलवा’ असं सरळ मराठीत लिहावं, शेजारी गेजचा फोटो लावावा. लिहिताना तिन्ही पाळ्यांतल्या ऑपरेटरना सोबत बसवावं. गेज कुठे अडतं आणि कूलंटने ओला जॉब मोजला की माप कसं फसवतं, हे तेच सांगू शकतात. मग ऑडिटरने मशीनपाशी येऊन ‘जॉब नापास झाला तर काय करता?’ विचारलं, तर पाठांतराची गरज पडणार नाही. माणूस रोज करतो तेच सांगेल, आणि पानावरही तेच लिहिलेलं असेल.