पिकले पान आणि पोटरीचे माप

'सुरतचे जेवण आणि काशीचे मरण' अशी म्हण ज्या नगरीच्या नावाने गुजरातीत रूढ आहे, तेथे ऐंशी ओलांडलेल्यांच्या कुपोषणाविषयी बोलणे काहींना विचित्र वाटेल. मी वैद्य नव्हे. माझे आयुष्य शब्दांत गेले. परंतु या प्रश्नाचे एक मूळ मला शब्दांतच दिसते. कृश होत चाललेल्या वृद्धाला आपण 'पिकले पान' म्हणतो आणि मोकळे होतो. बालकाचे वजन घटले तर घर हादरते; आजीच्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या तर ते वयाच्या खाती जमा होते.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीत साठी गाठलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के व्यक्तींचे वजन प्रमाणाहून कमी आढळले.

वयाबरोबर भूक मंदावते, चव बोथट होते, कवळी सैल पडते. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे खानदेशातून येऊन लिंबायत-उधना परिसरात स्थिरावली. तेथील वृद्धांना कळण्याची भाकरी चावेनाशी झाली, की चहात बुडवलेल्या खारीवर दिवस निघतो. पोट भरते, प्रथिने मिळत नाहीत, स्नायू झिजतात, तोल जातो.

हे वेळीच ओळखण्यासाठी १९९० च्या दशकात युरोपात एक प्रश्नावली सिद्ध झाली. तिचे संक्षिप्त रूप सहा प्रश्नांचे व १४ गुणांचे आहे. गेल्या तीन महिन्यांत खाणे कमी झाले का, वजन घटले का, हिंडणे-फिरणे कितपत आहे, आजार वा मनावर मोठा ताण येऊन गेला का, विस्मृती किंवा उदासी आहे का, आणि अखेरीस उंचीच्या मानाने वजन किती. १२ वा अधिक गुण असल्यास ठीक. ८ ते ११ म्हणजे धोका. ७ वा त्याखाली कुपोषण.

यातील एक गोष्ट मला फार मार्मिक वाटली. एक ते तीन किलो वजन घटले, असे नेमके सांगणाऱ्यास दोन गुण मिळतात. 'ठाऊक नाही' म्हणणाऱ्यास एकच!

पाठीला पोक आलेल्या माणसाची उंची मोजणे कठीण. अशा वेळी पोटरीचा घेर घेतात. ३१ सेंटीमीटरहून कमी भरल्यास शून्य, एरवी तीन गुण. शिंप्याची टेप पुरते. मात्र पाय सुजलेले असतील तर हे माप फसवे.

कमी गुण म्हणजे निदान नव्हे. डॉक्टरांकडे जावे, दात व चालू औषधे दाखवावीत, आणि साठाव्या वर्षी बंद केलेले तूप पंचाऐंशीव्या वर्षीही बंदच ठेवायचे काय, हेही विचारावे.