शांती मिळवायची की स्वीकारायची?

मनःशांतीसाठीही माणसाला धावावे लागते, ही आजच्या शहरी जीवनातील मोठी विसंगती म्हणावी लागेल. पहाटेचे ध्यान, आठवड्याचा उपवास, सुटीतील शिबिर, नववर्षाचे संकल्प अशी ही यादी वाढतच जाते. एखाद्या दिवशी नेम चुकला, की शांतीऐवजी अपराधीपणाची टोचणीच पदरी पडते. कार्यालयातील उद्दिष्टांच्या जोडीला अध्यात्माचीही उद्दिष्टे येतात आणि ज्या ओझ्यातून सुटायचे, त्यातच नवी भर पडते.

हा पेच केवळ आजचा नाही. ख्रिस्ती परंपरेत त्याचा शतकानुशतके विचार झाला असून त्यातून ‘देवाठायी विसावा’ ही संकल्पना आकाराला आली. मात्र विसावा म्हणजे आराम नव्हे आणि निष्क्रियता तर मुळीच नव्हे. तो नेमका काय आहे, हे समजून घ्यायचे असेल, तर महाराष्ट्रातीलच एका थोर स्त्रीचे चरित्र पाहावे लागते.

दिवसाची सुरुवात विश्रांतीने

या संकल्पनेचे मूळ बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीत आहे. सृष्टीच्या निर्मितीनंतर देवाने सातव्या दिवशी विश्रांती घेतली, असे तेथे सांगितले आहे. मानवाची निर्मिती सहाव्या दिवशी झाली. म्हणजे मानवाच्या वाट्याला आलेला पहिला पूर्ण दिवस हा कामाचा नव्हे, तर विश्रांतीचा होता, याकडे अनेक भाष्यकार लक्ष वेधतात. यहुदी परंपरेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. आधी रात्रीची झोप आणि मग काम, असा त्याचा क्रम असतो. माणूस झोपेत असतानाही जग चालत राहते, कारण ते त्याच्या खांद्यावर उभे नाही, ही जाणीव या क्रमामागे दिसते.

नव्या करारात हाच धागा पुढे नेला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील अकराव्या अध्यायात येशू थकलेल्या आणि भाराक्रांत लोकांना आपल्याकडे बोलावतो व विसावा देऊ करतो. येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. विसाव्याच्या याच आमंत्रणात तो आपले जू खांद्यावर घेण्यास सांगतो. जू हे बैलाच्या मानेवरचे, म्हणजे कामाचेच साधन. काम संपत नाही, ओझे बदलते. जे उतरवून ठेवायचे, ते आहे देवापुढे स्वतःची योग्यता सिद्ध करण्याचे ओझे. ती स्वीकृती कमवावी लागत नाही, ती कृपेने मिळते, हा या शिकवणुकीचा गाभा आहे.

जर्मनीतील मार्टिन ल्यूथर १५०५ साली एर्फुर्टच्या मठात दाखल झाला, तेव्हा उपवास, जागरणे आणि तासन् तास पापकबुली यांतून तो शांती शोधत होता. नेम जितके कडक, तितकी अस्वस्थता वाढत गेली. देवाचे नीतिमत्त्व हे माणसाने मिळवायचे नसून विश्वासाने स्वीकारायचे दान आहे, असा अर्थ रोमकरांस पत्रात त्याला गवसला, तेव्हा कुठे ही घुसमट संपली. युरोपातील पुढच्या धर्मसुधारणेच्या मुळाशी हा व्यक्तिगत अनुभव होता.

रमाबाईंची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी काळाचा विरोध पत्करून घरातील स्त्रियांना संस्कृत शिकविले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर फिरले. स्नाने, उपवास, दाने यांत त्यांनी काहीच हातचे राखले नाही. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास यांनी पायी वणवण केली. पुढे भाऊही गेला आणि १८८२ साली वैधव्य आले. पदरात लहानगी मनोरमा होती.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे त्यांचा शोध संपला, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. परंतु त्यांचे स्वतःचे कथन निराळे आहे. १९०७ साली लिहिलेल्या आत्मकथनात त्या सांगतात, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता. ख्रिस्त मात्र सापडला नव्हता. धर्म बदलला, पण धडपड तीच राहिली. आधी व्रते होती, आता प्रार्थनाविधी आणि सत्कर्मे होती. १८८९ साली मुंबईत ‘शारदासदन’ सुरू झाले, अमेरिकेतून साहाय्य मिळाले, कीर्तीही मिळाली. तरी अंतरीचा भार हलका झाला नाही.

बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ साली, विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. या हॅसलमची कथाही विलक्षण आहे. कॉर्नवॉलमध्ये धर्मोपदेशकाचे काम करीत असताना १८५१ साली स्वतःच प्रवचन देता देता त्याचे हृदयपरिवर्तन झाले. इतरांना जे सांगत होतो, ते आपल्याच ठायी नाही, हे त्याला उमगले होते. रमाबाईंना त्यात स्वतःचे प्रतिबिंब दिसले. आपले बळ संपले, हे त्यांनी मान्य केले आणि निरपवाद शरणागती पत्करली. मराठी वाचकाला ‘शरणागती’ हा शब्द संतसाहित्यातून ओळखीचा आहे. त्यामुळे ही अवस्था त्याला अगदीच परकी वाटू नये.

विसाव्यानंतरचे काम

आता खरा आक्षेप उभा राहतो. सर्व काही देवावर सोपवून माणूस आळशी होणार नाही काय? हा आक्षेप खुद्द चर्चनेही गंभीरपणे घेतला आहे. रोममध्ये राहणाऱ्या मिगेल दे मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूने आत्म्याच्या संपूर्ण निष्क्रियतेचा पुरस्कार केला, तेव्हा १६८७ साली पोप अकरावे इनोसंट यांनी त्याची ६८ विधाने निषिद्ध ठरविली. कृतीवाचून विश्वास निर्जीव असतो, असे याकोबाचे पत्रही बजावते.

रमाबाईंचे उत्तरायुष्य हे या आक्षेपाला दिलेले जिवंत उत्तर होय. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगाव येथे ‘मुक्तिसदन’ उभे राहिले. तेथे स्त्रिया शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकल्या. बायबलचे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत चालविले. केडगावची संस्था आजही कार्यरत आहे.

या शांतीने त्यांची संकटे मात्र टळली नाहीत. १८९३ साली धर्मांतराच्या वादातून शारदासदनावर टीकेचे वादळ उठले आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक दूर झाले. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. पुढील वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनीही जगाचा निरोप घेतला. विसावा म्हणजे दुःखातून सुटका नव्हे. दुःखातही आधार आहे, हा विश्वास होय.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात एक विरोधाभास आढळतो. विसाव्यात प्रवेश करण्यासाठी झटावे, असे ते सांगते. वरवर विसंगत वाटणाऱ्या या सूचनेत मोठे मर्म आहे. स्वतःला सिद्ध करण्याची सवय इतकी खोलवर रुजलेली असते, की ती सोडण्यासाठीच सर्वाधिक प्रयत्न लागतो. म्हणूनच ख्रिस्ती भाविक रविवारचा विश्रामदिन, मौन प्रार्थना आणि दिवसाअखेरीस अपुरे राहिलेले काम देवाच्या स्वाधीन करणे, या साध्या गोष्टींना महत्त्व देतात. त्या शांतीची किंमत नसतात. शांती आधीच मिळाली आहे, याची ती रोजची आठवण असते.

श्रद्धा कोणतीही असो वा नसो, रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसभराच्या कामाचा हिशेब मांडणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न लागू पडतो. आपण करतो ते सारे कोणाच्या तरी पसंतीसाठी करतो, की पसंती आधीच लाभल्याच्या निश्चिंतीतून करतो? केडगावात रमाबाईंचे हात पूर्वीइतकेच, किंबहुना अधिक राबत होते. बदलले होते ते त्या हातांमागचे मन.