विश्लेषण : एमएसडब्ल्यूला प्रवेश घेताना संस्थेचे नाव पाहावे की क्षेत्रकार्य?

पदवीचा निकाल लागला की एमएसडब्ल्यूच्या चौकशा सुरू होतात. कला, वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी अशा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला बहुतेक ठिकाणी या अभ्यासक्रमाला अर्ज करता येतो. त्यामुळे ‘काही नाही तर एमएसडब्ल्यू’ असे म्हणत येणारे आणि शाळेपासून हेच करायचे ठरवलेले, असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी एकाच वर्गात बसतात. दोन वर्षांनी पदवीही सारखीच मिळते. मात्र एखाद्या जाहिरातीसाठी त्यांतला एक पात्र ठरतो आणि दुसऱ्याचा अर्ज छाननीतच बाद होतो. हा फरक बहुतेकदा प्रवेश घेतानाच पडलेला असतो.

या पदवीत नेमके काय शिकवतात?

व्यक्तिसहयोग कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती या समाजकार्याच्या सहा पद्धती बहुतेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात असतात. त्यांच्या जोडीला समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदे आणि शासकीय धोरणे असतात. एवढेच असते तर ही आणखी एक एमए ठरली असती. तिला वेगळे करते ते क्षेत्रकार्य, म्हणजे फील्डवर्क. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी वर्गात नसतो. रुग्णालय, वस्ती, बालगृह, कारखाना, न्यायालय किंवा एखाद्या संस्थेत असतो. तिथे काय केले याचा लेखी अहवाल त्याला दर आठवड्याला मार्गदर्शक प्राध्यापकासमोर ठेवावा लागतो.

ही पद्धत देशात आली तीच मुंबईच्या नागपाड्यातून. १९३६ मध्ये तिथे सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. १९४४ मध्ये त्याचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे आजचे ‘टिस’ झाले. वस्तीला लागूनच वर्ग होते, हा योगायोग नव्हता. त्यानंतर मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, नागपुरात मातृसेवा संघाचे समाजकार्य महाविद्यालय, नगरमध्ये सीएसआरडी, कोल्हापुरात सायबर अशा संस्था उभ्या राहिल्या. राज्यातील अनुदानित समाजकार्य महाविद्यालये उच्च शिक्षण विभागाकडे नसून सामाजिक न्याय विभागाकडे येतात, ही गोष्ट अर्ज करणाऱ्या अनेकांना माहीत नसते. अनुदान किंवा प्राध्यापक भरती रखडली की कोणत्या खात्याचे दार ठोठवायचे, हे त्यावरून कळते.

अर्ज कधी आणि कुठे?

सर्वाधिक विद्यार्थी इथेच फसतात. ‘टिस’चा प्रवेश आता सीयूईटी-पीजीच्या गुणांवर आधारित आहे. ही परीक्षा राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए घेते. तिचे अर्ज हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा साधारण मार्चमध्ये होते. पदवीचा निकाल जूनमध्ये लागल्यावर शोधाशोध करणाऱ्याच्या हातून ते वर्ष गेलेले असते. त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने दिवाळीनंतरच लक्ष ठेवायला हवे.

दुसरा घोळ त्याहून साधा आणि म्हणून जास्त त्रासदायक आहे. सीयूईटीचा अर्ज भरला म्हणजे ‘टिस’चा अर्ज भरला असे होत नाही. संस्थेच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते. कोणत्या अभ्यासक्रमाला सीयूईटीचा कोणता पेपर लागतो, हेही त्या वर्षाच्या माहितीपत्रकात आधी जुळवून पाहावे लागते. गेल्या वर्षी प्रवेश झालेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये, कारण निवडीचे टप्पे गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत. परीक्षेत बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो.

विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांचे वेळापत्रक वेगळे असते. तिथली प्रक्रिया मुख्यतः उन्हाळ्यात आणि पदवीच्या निकालाच्या आसपास चालते. कुठे लेखी परीक्षा, कुठे गटचर्चा आणि मुलाखत, तर कुठे फक्त गुणवत्ता यादी असते. पुणे, मुंबई आणि नागपूर अशा तिन्ही ठिकाणी अर्ज करणाऱ्याला तीन वेगवेगळ्या माहितीपत्रकांतल्या तारखा सांभाळाव्या लागतात.

मुलाखतीत काय पाहतात?

‘मला समाजाची सेवा करायची आहे’ हे वाक्य मुलाखत घेणाऱ्यांनी हजारदा ऐकलेले असते. पुढचा प्रश्न बहुतेक वेळा ‘म्हणजे काय?’ हाच येतो. समाजसेवा आणि समाजकार्य यांतला फरक विद्यार्थ्याला कळतो का, हे त्यातून तपासायचे असते. अन्नदान ही सेवा आहे. रेशनकार्ड का मिळाले नाही याचा माग काढून ते मिळवून देणे आणि वस्तीतल्या लोकांना तो मार्ग शिकवणे हे समाजकार्य. एनएसएसच्या प्रमाणपत्रांची चळत पुढे ठेवणाऱ्यापेक्षा आपल्या गावातली एकच अडचण नीट उलगडून सांगणारा उमेदवार इथे पुढे जातो. गावात ऊसतोडीला जाणारी कुटुंबे असतील, तर त्या काळात मुलांच्या शाळेचे काय होते हे सांगता आले पाहिजे. इंग्रजी कच्चे असेल तर मुलाखत मराठीत देता येईल का, हे आधी विचारून घ्यावे. विचारण्यात कमीपणा नाही.

क्षेत्रकार्याची चौकशी कशी करायची?

माहितीपत्रकात सगळ्याच महाविद्यालयांचे क्षेत्रकार्य उत्तम असते. खरे चित्र दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून कळते. त्यांना चार गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षी कोणाला कोणत्या संस्थेत पाठवले? एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी होते? दर आठवड्याची मार्गदर्शन बैठक खरेच होते की सत्राच्या शेवटी सगळे अहवाल एकदम लिहून काढावे लागतात? आणि जिथे पाठवतात, त्या संस्थेत समाजकार्याचे शिक्षण घेतलेले कोणी आहे का?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. एखाद्या धर्मादाय रुग्णालयाचे उदाहरण घेता येईल. उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. रुग्णाच्या नातेवाइकाला हे ठाऊक नसते आणि बिलिंगच्या खिडकीवर कोणी आपणहून सांगतही नाही. वैद्यकीय समाजसेवक हा दुवा असतो. तो उत्पन्नाचा दाखला पाहतो, घरची परिस्थिती विचारतो, निधीची फाईल हलवतो आणि डॉक्टरने सांगितलेला आजार नातेवाइकाला समजेल अशा भाषेत पुन्हा सांगतो. असा अनुभवी माणूस शेजारी असेल तर विद्यार्थी दोन सत्रांत जे शिकतो, ते पुस्तकातून येत नाही. तो नसेल तर विद्यार्थ्याला केसपेपरच्या रांगेवर उभे केले जाते किंवा संस्थेच्या कार्यक्रमाचे फोटो काढायला लावले जाते. अहवालात दोन्हींची नोंद ‘रुग्णालयातील क्षेत्रकार्य’ अशीच होते.

शहर की ग्रामीण भाग, हा निर्णयही क्षेत्रकार्यावरून करावा. ‘टिस’चे तुळजापूर संकुल १९८६ पासून ग्रामविकासावर काम करते. पाणी, शेती, स्थलांतर, ग्रामपंचायत यांवर काम करायचे असेल, तर धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत काढलेली दोन वर्षे देवनारच्या दोन वर्षांपेक्षा कमी मोलाची ठरत नाहीत. ‘मुंबईत नंबर लागला नाही म्हणून तुळजापूर’ असे ऐकू येते. ज्याला पुढे गावातच काम करायचे आहे, त्याच्यासाठी हा क्रम उलटाच असायला हवा.

विशेषीकरण निवडताना कायदा काय म्हणतो?

वैद्यकीय व मनोसामाजिक, कुटुंब व बालकल्याण, समुदाय विकास, मनुष्यबळ व कामगार कल्याण अशी विशेषीकरणे महाविद्यालयांत असतात; नावे विद्यापीठागणिक बदलतात. मित्र जिकडे तिकडे आपण, अशी निवड करण्याआधी पुढच्या पदाची कायदेशीर पात्रता वाचलेली बरी.

मानसिक आरोग्याचे उदाहरण बोलके आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील व्याख्येनुसार ‘सायकियाट्रिक सोशल वर्कर’ होण्यासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी पुरेशी नाही. त्यापुढे सायकियाट्रिक सोशल वर्क या विषयात दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. लागते. बेंगळूरुची निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था अशा मोजक्या ठिकाणी ते होत आले आहे. यूजीसीने एम.फिल. बंद केले, तेव्हा या विषयाला आणि क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ दिली. त्यामुळे या वाटेने जाणाऱ्याने दोन नव्हे तर चार वर्षांचा हिशेब मांडावा आणि पुढच्या अभ्यासक्रमाचे स्वरूप त्या संस्थांकडून आधीच विचारून घ्यावे.

कारखान्यातील कल्याण अधिकारी हे या पदवीचे जुने आणि पगाराच्या दृष्टीने बरे दार आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात हे पद बंधनकारक केले होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा २५० वर आणली आहे. मात्र आपल्या विद्यापीठाची पदवी आणि घेतलेले विशेषीकरण राज्याच्या नियमांतील पात्रतेत बसते का, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे. तोंडी ‘हो’ला भरतीच्या वेळी काही किंमत नसते.

अवयव प्रत्यारोपण समन्वयकाच्या पात्रतेत, २०१४ च्या नियमांनुसार, समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला पसंती आहे. याउलट बाल न्याय मंडळावर दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य असतात, पण २०१५ च्या कायद्यात त्यासाठी दिलेल्या पदव्यांच्या यादीत बालमानसशास्त्र, मनोचिकित्सा, समाजशास्त्र आणि कायदा आहे, समाजकार्य नाही. एमएसडब्ल्यू झालेल्याला तिथे मुलांसाठी केलेल्या सात वर्षांच्या कामाच्या बळावरच जावे लागते. कायदा करणाऱ्यांना हा विरोधाभास कसा दिसला नाही, असा प्रश्न पडतो.

डॉक्टर-वकिलांसारखी समाजकार्यासाठी देशात स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोगाच्या कायद्यात मात्र वैद्यकीय आणि सायकियाट्रिक सोशल वर्करचा समावेश आहे. रुग्णालयात काम करू इच्छिणाऱ्यांनी त्या आयोगाच्या नोंदणी नियमांवर लक्ष ठेवावे.

एक गोष्ट सरसकट तपासायची. विकास अध्ययन, ग्रामविकास, सामाजिक उद्योजकता या पदव्या चांगल्या असल्या तरी जाहिरातीत ‘समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी’ असे लिहिले असेल तर त्या चालतीलच असे नाही.

खर्चाचे गणित कसे बसवायचे?

अनुदानित महाविद्यालयात शिकवणी शुल्क तुलनेने कमी असते. महाग पडते ते शहरात राहणे. त्यात क्षेत्रकार्याच्या प्रवासाचा खर्च बहुतेक घरांच्या हिशेबात धरलेलाच नसतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर करता येतो. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम आणि ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे.

पण शिष्यवृत्ती मंजूर होणे आणि ती वेळेवर खात्यात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘टिस’च्या संकुलांमध्ये विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, तो याच प्रश्नावर : शिष्यवृत्तीधारकांना वसतिगृह आणि भोजनालयाच्या शुल्कात मिळणारी सवलत काढून घेतल्याच्या विरोधात. म्हणून प्रवेशाच्या वेळी ‘शुल्क आधी भरावे लागेल का आणि शिष्यवृत्ती उशिरा आली तर काय?’ हे स्पष्ट विचारावे. निदान पहिल्या सहा महिन्यांच्या खोलीभाड्याची आणि जेवणाची सोय हाताशी असावी.

दूरस्थ पदवी आणि परदेशाचे काय?

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इग्नूची एमएसडब्ल्यू आहे आणि तिच्यातही क्षेत्रकार्य आहे. एखाद्या संस्थेत आधीच काम करणाऱ्याला बढतीसाठी ती उपयोगी पडते. नव्याने येणाऱ्याचे मात्र मार्गदर्शकाविना अडते. ‘क्षेत्रकार्याची काळजी करू नका, सही मिळेल’ असे सांगणाऱ्या केंद्राच्या वाटेला जाऊ नये.

परदेशात जायचे असल्यास तिथले नियम आधी वाचावेत. ब्रिटनमध्ये ‘सोशल वर्कर’ ही उपाधी नोंदणीशिवाय लावता येत नाही. अमेरिकेत भारतीय पदवीचे मूल्यांकन तिथल्या समाजकार्य शिक्षण परिषदेकडून करून घ्यावे लागते आणि परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. या मूल्यांकनात क्षेत्रकार्याची नोंद लागू शकते. म्हणून अहवाल, उपस्थितीपत्रके आणि अभ्यासक्रमाची प्रत पदवीनंतरही जपून ठेवावी.

दोन ठिकाणी नाव लागले तर?

एका महाविद्यालयात शुल्क भरले आणि नंतर दुसऱ्या यादीत नाव आले, असे दरवर्षी होते. यूजीसी दरवर्षी शुल्क परताव्याच्या तारखा जाहीर करते. त्या मुदतीत प्रवेश रद्द केला तर पैसे परत मिळतात. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. मूळ गुणपत्रिका आणि दाखले पडताळणी करून लगेच परत द्यायचे असतात. ते अडकवून ठेवायला यूजीसीची मनाई आहे.